सूखी घास, सुका घास

मामा, तुम्ही गेलात तेव्हा गॅलरीत गवताच्या तीन पिशव्या होत्या. तिन्ही सुती, तिन्हींची तोंडं सुतळीनं बांधलेली. एकीच्या सुतळीला एक गाठ, दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. कुठल्या गाठीचा अर्थ काय, हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला दवाखान्यात हलवल्यावर सईनं तिन्ही पिशव्या सोडल्या आणि मूठ मूठ गवत फरशीवर मांडलं. एका गाठीत नुसता पाला होता. दोन गाठींत पाला आणि काडी मिसळून. तीन गाठींत नुसती काडी, बोटभर लांबीची. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळायला पाव तास लागला. ती तुम्हाला विचारू शकली असती. दवाखाना उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरापासून दहा मिनिटांवर होता आणि तुम्ही शुद्धीत होतात.

तिनं का विचारलं नाही, ते लिहायचं आहे.

तुमच्या निधनाची बातमी चार ओळींची झाली. ती मीच केली. वय अंदाजे लिहिलं, कारण निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या सुगीत तुमचा जन्म झाला, एवढंच तुमच्या आईच्या लक्षात राहिलं होतं. पश्चात मुलगा, सून म्हणजे मी, आणि नात सई. त्या चार ओळींत चूक एकही नाही. चूक दुसरीकडे आहे.

तुम्ही गाव सोडून आमच्याकडे राहायला आलात, त्याच वर्षी सईनं हट्टानं दोन गिनीपिग आणले. तपकिरी तो चिकू, पांढरी-पिवळी ती बुंदी. तुम्ही उकिडवे बसून पिंजऱ्यात बराच वेळ पाहिलंत. सिल्लोडच्या बाजूच्या माळांवर तुमचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. मेंढरं विकल्यालाही बरीच वर्षं झाली होती. सईनं नावाचा अर्थ सांगितला, पिग म्हणजे डुक्कर. तुम्ही म्हणालात, "याला डुक्कर म्हणता व्हय? डुकरानं ऐकलं तर कोर्टात जाईल." सई हसत हसत पिंजऱ्याला टेकली. त्या दिवसापासून तुम्ही दोघं एका बाजूला आणि घरातले बाकी सगळे दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली. तुमचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर आणि मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, त्यामुळे आमची बाजू बहुतेक वेळा रिकामीच असायची.

अडचण गवताची होती. या प्राण्यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. पोटही गवतावरच चालतं. गवत नसेल तर बाकी काहीही खाऊन उपयोग नाही. सईनं परदेशी गवताची पाकिटं मागवली, टिमथी नावाची. चिकू एक काडी ओढायचा, हुंगायचा आणि सोडून द्यायचा. बुंदी त्यावर झोपायची. काकडी कापल्याचा आवाज आला की मात्र दोघं शीळ घालायचे. सई म्हणाली, फार नखरे आहेत यांचे. तुम्ही पाकिटात हात घातलात, गवत नाकाशी नेलंत आणि म्हणालात, "जनावर नखरे करत नसतं, माय. आपल्याला कळंना म्हणून आपण नखरे म्हणतो. हे गवत लई दिसाचं मेलंय. वासच नाय त्याला."

दिवाळीनंतर पुढचं पार्सल आलंच नाही. दोघांचं वजन उतरायला लागलं. शहरात असे प्राणी तपासणारे डॉक्टर मोजके. ज्यांच्याकडे आपण जायचो ते हिंदी बोलणारे. मी त्यांच्यासाठी निरोप ठेवला होता. त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि पहिलं पान छपाईला सुटायला अर्धा तास होता. ते म्हणाले, "पॅकेट छोडिए, मॅडम. सूखी घास दीजिए, सिर्फ घास. जितनी खाए उतनी." मी समोरच्या कोऱ्या कागदावर मराठीत लिहून घेतलं: फक्त घास. सुका. खाईल तेवढा. घरी येऊन तो कागद फ्रिजवर लावला.

हिंदीत घास म्हणजे कुठलंही गवत. आपल्याकडे घास म्हणजे लसूणघास, पेंढ्या बांधून दुभत्या जनावरांसाठी विकतात तो हिरवा, पाण्यावरचा. वैजापूरला माझ्या वडिलांच्या गोठ्यात घास या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. हिंदी मजकुराचं मराठी करणं हे माझं रोजचं काम. अनोळखी शब्द मी तपासते. हा ओळखीचा होता.

तुम्ही फ्रिजवरचा कागद काढून, हात लांब करून वाचलात. चष्मा तुम्हाला आवडत नसे.

"घास?" तुम्ही म्हणालात. "गवत म्हणले आसतील, बाई."

"घासच म्हणाले, मामा. मी स्वतः ऐकलंय."

"त्यांची बोली निराळी हाय. परत एकदा इचारा. घास लई झाला की मेंढरू फुगतं."

"ओला झाला तर फुगतं. हा सुकवून द्यायचाय." एवढ्यावर थांबता आलं असतं. मी पुढं म्हणाले, "आणि मामा, मी दिवसभर हेच करते. ऐकायचं आणि लिहायचं."

लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी तुम्ही मला अहोजाहो करत होतात. मी शिकलेली, नोकरीची आणि शेतीवाल्यांच्या घरातली. तुमच्या वाडीवस्तीवर अशा सुनेशी कसं बोलतात, याचा नमुना तुमच्यापुढं नव्हता. चौथीपर्यंत शाळा झालेल्या माणसाला लिहिलेल्या कागदाचा जो धाक असतो, तो तुम्हाला होता. "लिवलंय म्हणल्यावर झालं," म्हणालात आणि कागद परत जागेवर लावलात, होता तसाच, सरळ.

मग तुम्ही घास सुकवलात. ते सोपं काम नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलं. उन्हात टाकला की पानं कडक होऊन गळतात आणि हाती काड्या राहतात. तुम्ही तो इमारतीच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत जुन्या चादरीवर पसरत होतात. पहाटे दवानं पानं मऊ असतात, तेवढ्यातच तो उलटायचा. गच्चीचा असा वापर करता येणार नाही म्हणून सोसायटीचे अध्यक्ष वर आले. तुम्ही त्यांना गंभीरपणे सांगितलंत की हे डागदरानं लिवून दिलेलं औषध हाय. ते खाली गेले.

चिकू आणि बुंदी तो घास खायला लागले. नुसते खायला लागले नाहीत, तुमच्या पावलांचा आवाज ओळखायला लागले. दोघांचं वजन भरलं. सई मैत्रिणींना फोनवर 'आबांचा घास' असं सांगायची. हिवाळाभर ती शाळेतून आली की दप्तरासकट गच्चीवर यायची आणि तुमच्या शेजारी बसून पानं निवडायची. मी सुटीच्या दिवशी वर आले तर तुमचं बोलणं थांबायचं. तुम्ही मला बसायला चादरीचा कोपरा द्यायचात. तो काळ तुम्हा दोघांचा सर्वांत चांगला होता, आणि तो माझ्या चुकीवर उभा होता. हे कसं लिहावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

होळीच्या सुमारास चिकूची लघवी लाल झाली. तो पाठ वर काढून कोपऱ्यात बसायला लागला. आपण तिघं त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तुम्ही आणि सई बाहेरच्या बाकावर बसलात, मी आत गेले. क्ष-किरणांच्या फोटोत त्याच्या मूत्राशयात पांढरा खडा दिसत होता, हरभऱ्याएवढा. डॉक्टरांनी विचारलं, खाता क्या है. मी म्हणाले, घास. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, कौन सी. मला हिंदी शब्द सुचेना, म्हणून शेतीच्या पानावर वापरतो तो 'ल्यूसर्न' हा शब्द सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. वाढ पूर्ण झालेल्या प्राण्याला तो रोज देत नाहीत, त्यात चुना जास्त असतो, असा खडा त्यामुळे होऊ शकतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग म्हणाले, "मैंने घास बोला था, मॅडम." ते रागावले नव्हते. मला त्या क्षणी व्याकरण दिसलं. ते 'सूखी' म्हणाले होते, मी 'सुका' लिहिलं. ते 'उतनी' म्हणाले होते, मी 'तेवढा' लिहिलं. मी लिंग बदललं आणि त्याबरोबर वनस्पती बदलली.

मी बाहेर आले. सईनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हणाले, "लसूणघासानं खडा झालाय म्हणतात."

या वाक्याला कर्ता नाही. आमच्या धंद्यात अशा वाक्याखाली लाल रेघ येते: कुणी केलं ते लिहा. ती रेघ मी पंधरा-वीस वर्षं इतरांच्या मजकुराखाली ओढत आले आहे. सईनं कर्ता स्वतःच शोधला. ती तुमच्याकडे वळली. "आबा, घास तुम्ही आणायचात ना?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग तिला म्हणालात, "व्हय, माय. म्याच आणला."

तेही खरंच होतं.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठरली होती. चिकू त्याआधीच, सकाळी गेला. घरी आल्यावर मी फ्रिजवरचा कागद काढला, चार तुकडे केले आणि ओल्या कचऱ्यात टाकले. तुम्ही माठातून पाणी घेत होतात. तुम्ही पाहिलंत. तांब्या भरला तरी तुम्ही तो थोडा वेळ तसाच धरून उभे होतात.

सईनं तुमच्याशी बोलणं बंद केलं. आरडाओरडा केला नाही. जेवायला तुमच्या शेजारची जागा सोडून बसायला लागली. पिंजऱ्याच्या दारावर तिनं वहीचं पान चिकटवलं: आबांनी काहीही खायला देऊ नये. ते तुम्ही हात मागं बांधून, मान मागं घेऊन वाचलंत. लिहिलंय म्हटल्यावर झालं. त्यानंतर तुमचा हात त्या पिंजऱ्यावर गेलेला मी पाहिला नाही. तुमच्या मुलानं एकदा सईला बोलायला सुरुवात केली, तेव्हा तुम्हीच त्याला गप्प केलंत. "लेकराचं मेलंय," म्हणालात, "तिला रागवू दे."

आणि मग बुंदीनं खाणं सोडलं. जोडीदार गेल्यावर हे प्राणी असं करतात, असं डॉक्टर म्हणाले. आता गवतच हवं होतं, आणि ते तिनं खाल्लं पाहिजे होतं. नाहीतर दुसरं मरण आठवड्यावर आलं होतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या जनावरांच्या बाजारात गेलात, आणि त्याच्या पुढच्या दिवशी एसटीनं गावी. परत आलात तेव्हा पाच जातींच्या पेंढ्या होत्या. तुम्ही माझ्याकडे जुने पेपर मागितलेत आणि दिवाणखान्यात एकेक पेंढी त्यावर झटकलीत. धूळ किती पडते ते पाहिलंत. धुळीचं गवत नाकात जातं, बारकं जनावर खोकून मरतं. काडी कानाजवळ नेऊन मोडलीत. कट्ट वाजली तर सुकली, नुसती वाकली तर आत ओल आहे, पुढं बुरशी येणार. रंग पाहिलात. हिरवट राहिलं ते सावलीतलं, पिवळं ते उन्हातलं, काळपट ते पावसात भिजलेलं. गालावरून फिरवलंत, कारण गालाला जे टोचतं ते तोंडात टोचणार. कुसळी गवताची पेंढी तिथंच बाद झाली. तिची कुसळं माणसाच्या धोतरातून आत जातात, बुंदीच्या जिभेचं काय. शेवटी काडीचं पेर दातांनी फोडून चघळलंत. गोड लागलं पाहिजे. वास चहाची नवी पुडी फोडल्यासारखा आला पाहिजे. पवन्या आणि मारवेल या दोन जाती उरल्या. मला त्या दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

पिंजऱ्यात गवत टाकायला तुम्हाला मनाई होती, म्हणून ते मी टाकलं. तुम्ही खुर्चीवरून पाहत होतात. बुंदी आधी काय ओढते, काय टाकते, कशावर मुतते. मी वहीत रकाने आखले. तुम्ही म्हणालात, "लिवू नका. बघा." चार दिवस ती दोन्हींकडे फिरकली नाही. सई शाळेतून आली की तिला मांडीवर घेऊन पिचकारीनं पातळ खाद्य भरवायची. पाचव्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत आणि हळू आवाजात सांगितलंत की ताटलीतलं गवत काढा. मेंढरू हुभ्यानं चरतं, हे बसून खातं. बसायच्या जागीच अंथरा. मारवेल घ्या, सकाळी पाला, संध्याकाळी काडी, आणि काडी कात्रीनं कापू नका, हातानं तोडा, कात्रीचा वास लागतो.

हे सईला तुमचं म्हणून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. मी तिला म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय.

बातमी कुणाच्या तोंडची आहे ते बदलायचं नसतं. मी ते बदललं. दुसऱ्यांदा. आतल्या खोलीतून तुमचं हसणं ऐकू आलं. मी आत गेले तर म्हणालात, "चांगलं झालं. मरायच्या आधी डागदर झालो." बुंदीनं त्या संध्याकाळी तिच्या अंथरुणातलीच एक काडी ओढली. सईनं डॉक्टरांना आभाराचा निरोप पाठवायला सांगितलं. मी हो म्हणाले. तुमचे आभार मी मानले नाहीत.

बोलायचा प्रयत्न मी एकदाच केला. आषाढात, तुम्ही चहा घेत होतात, सई क्लासला गेली होती. म्हणाले, मामा, सईला मी खरं सांगते. तुम्ही बशी खाली ठेवलीत.

"काय खरं?"

"तो कागद माझा होता. तुम्ही परत विचारा म्हणाला होतात."

"घास कुणी आणला?"

"तुम्ही."

"सुकवला कुणी?"

"मामा, असं नसतं ते."

"तसंच आसतं. हातानं केलं ते माझ्या नावावर हाय." मग म्हणालात, "हे बघा बाई. आज्यावर रुसली तर आजा आज हाय, उद्या नाय. रुसवा बी सरंल. आईवर रुसली तर तिनं जावं कुठं?"

मी म्हणाले की हे बरोबर नाही. तुम्ही म्हणालात, बरोबर नसंल. चहा गार झाला होता तो तुम्ही संपवलात. आपला वाद तिथंच राहिला आणि मला तो तिथंच राहिलेला सोयीचा होता.

त्या वादातलं माझं उरलेलं म्हणणं आता सांगते, कारण तुम्ही मधे बोलू शकत नाही. तुम्ही मला वाचवलंत याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि त्याचबद्दल मला तुमचा राग आहे. तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलंत, तो तुमचा अधिकार होता. पण सईचंही केलंत. नऊ महिने तिच्याकडे आजोबा नव्हते, आणि ते शेजारच्या खोलीत होते. भाद्रपदात तुम्ही पंधरा दिवस गावी राहून मारवेल फुलावर यायच्या आत कापलं, सावलीत वाळवलं आणि पिशव्या भरून आणल्या. गवत कसं ओळखायचं, ते तिला तुम्ही त्या पंधरा दिवसांत शिकवलं असतं. ती आली असती. हे मी लिहिते आहे, पण एक वाक्य बोलून ते मला थांबवता येत होतं, हेही मला माहीत आहे. मी ते नऊ महिने रोज बोलले नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. भीती वाटत होती म्हणून.

थंडी पडली आणि तुमच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात तुम्ही सहा दिवस होतात. चौथ्या दिवशी मी सईला आग्रहानं घेऊन आले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तुम्ही नाकावरची नळी बोटानं बाजूला केलीत आणि विचारलंत, "खाती का?"

सई म्हणाली, "हं."

तुम्ही मान हलवलीत. मी पलंगाच्या पायथ्याशी होते. खोलीत आपण तिघंच होतो. मी तोंड उघडलं तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. नर्स आली नसती तर मी बोलले असते, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. त्यानंतर ते सांगण्याची गरज उरली नाही.

दहावा गावच्या नदीवर झाला. पिंडाला कावळा शिवला नाही तर माणसं मयताची राहिलेली इच्छा बोलून दाखवतात आणि ती पुरी करण्याचा शब्द देतात, मग कावळा येतो, असं मानतात. माझा त्यावर विश्वास नाही. तरी मी वाक्य तयार करून नेलं होतं. कावळा आला नाही तर सगळ्यांच्या देखत म्हणायचं की मामा, सईला खरं सांगेन. पिंड ठेवून लोक चार पावलं मागं सरले, तेवढ्यात झाडावरून कावळा उतरला आणि शिवला. तुमच्या धाकट्या भावानं हात जोडले. म्हणाले, "कायबी मागं राहिलं नाय म्हाताऱ्याचं." सगळ्यांना समाधान वाटलं. तुम्ही तिथंही मला बोलायची वेळ येऊ दिली नाहीत. ते वाक्य मी तसंच शहरात परत आणलं.

तेराव्यानंतरच्या दुपारी सई फरशीवर बसून गवत निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. मी जे बोलले ते इतकंच: "डॉक्टर गवत म्हणाले होते. मी घास लिहिलं. आबा म्हणाले होते, परत विचारा. मी विचारलं नाही. आणि बुंदीनं कसं खाल्लं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते आबांनी सांगितलं होतं."

तिचे हात थांबले. "आबांना माहीत होतं? तुझी चूक आहे हे?"

"हो."

"कधीपासून?"

"चिकूच्या डॉक्टरांकडे, बाकावरच कळलं असावं."

मग खाली बघूनच म्हणाली, "मी त्यांना 'हं' म्हणाले. तेवढंच म्हणाले मी."

ती रडली नाही. गवत गोळा केलं, उठली आणि आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

आज अकरावा दिवस आहे. ती जेवते, शाळेत जाते, बुंदीचं सगळं करते. मी खोलीत आले की दुसऱ्या खोलीत जाते. मला रोज काही ना काही सांगावंसं वाटतं. की पहिलं पान सुटायला अर्धा तास होता. की फोनवर आवाज तुटत होता. की वैजापूरला घास म्हणजे एकच. या सबबी खऱ्या आहेत आणि त्या माझ्या ओठांवर येऊन थांबतात, कारण कुणी विचारत नाही. अकरा दिवसांत मी थकले आहे.

मामा, तुमच्याकडे सबब नव्हती, पुरं उत्तर होतं. तीन शब्दांचं. ती ताट उचलून दूर बसायची तेव्हा, वहीचं पान दारावर चिकटवत होती तेव्हा, चौकटीला टेकून उभी होती तेव्हाही, ते तुमच्याजवळ होतं. तुझ्या आईला विचार. नऊ महिन्यांत तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत.